आईचं बोलणं लेकीने सांगावं का?

"आईला तुमची मराठी बोलता येत नाही, ती अहिराणीच बोलते. मी सोबत येऊन सांगत जाईन, चालेल ना?" भांडुपमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. कधी भाषा खानदेशातली अहिराणी असते, कधी बंजारा समाजाची गोरमाटी.

शिरपूरकडून आलेल्या एका कुटुंबाला मी "चालेल" म्हटलं, ती माझी चूक होती. (तपशील बदलले आहेत.) दहावीतली मुलगी मधे बसली. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत पाच मिनिटं बोलली. मुलीने एवढंच सांगितलं, "ती म्हणते, मी ऐकत नाही." पोरीने तरी काय करायचं? स्वतःबद्दलचं गाऱ्हाणं तिलाच सांगायचं होतं.

पुढच्या वेळी मुलीला बाहेर थांबवलं आणि मूळच्या अमळनेरच्या सहकारी मैत्रिणीला बोलावलं. तीही समुपदेशक आहे, त्यामुळे इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. नात्यातल्या किंवा शेजारच्या माणसाला दुभाषी करू नका, ते याचसाठी. त्या दिवशी आई म्हणाली, "मन्ही आंडेर मन्ही ऱ्हायनी नही." माझी लेक माझी राहिली नाही. आईला राग नव्हताच, धास्ती होती. बँक, शाळा, दवाखाना, सगळीकडे लेक बोलायची आणि आई तिच्या मागे उभी राहायची. मुंबईत आल्यापासून घरातलं मोठेपण नकळत त्या पोरीच्या गळ्यात पडलं होतं. तीही थकली होती. "मला कधी सुट्टीच नाही," म्हणताना रडली.

एकत्र बसलो तेव्हा ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलायचं ठरलं. बँकेची कामं वडिलांनी घेतली. श्रावणात गावी कानबाई देवी बसते, भाऊबंद जमून रोट खातात. तिथे आई कशी पुढे असायची, हे मी मुद्दाम विचारलं. आई कितीतरी वेळ सांगत राहिली. मुलगी पहिल्यांदाच तिच्याकडे बघत ऐकत होती.

तेव्हा मुलांना सोबत जरूर आणा, पण त्यांच्याकडून बोलणं सांगून घेऊ नका. आपल्या बोलीचं माणूस मिळेल का, हे आधीच विचारा. तातडीने बोलायचं असेल तर २०२२पासून सुरू असलेल्या टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

चौथ्या भेटीत मुलगी आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, काल रेशनच्या दुकानात आईच बोलली. अहिराणीतच. आणि त्याला सगळं कळलं."