चवथीला गाडी दारात आणू, की बुकिंग सोडून देऊ?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी गोव्यात डिचोलीत राहतो, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. जाऊन-येऊन रोज नव्वद किलोमीटर. पेट्रोल गाडी आठ वर्षांची झाली. नव्याने आलेली एक इलेक्ट्रिक एसयूव्ही २१ हजार भरून बुक केली, ऑन-रोड २०.५० लाख. त्यातले साडेपाच लाख मुदत ठेवीतून, पंधरा लाख सात वर्षांचं कर्ज, ९ टक्क्यांनी. जुनी गाडी विकून येतील ते पावणेदोन लाख घराच्या रंगकामाला. मधल्या काळात फोंड्याच्या मावसभावाने तीच गाडी घेतली. चार महिन्यांत तीनदा वर्कशॉप: स्क्रीन काळी पडते, चार्जिंग अर्ध्यावर थांबतं, एकदा गाडी सुरूच झाली नाही. शोरूम म्हणतं, अपडेट आलं की सगळं ठीक होईल, गणेश चवथीपूर्वी डिलिव्हरी घ्या. दोघांचा हातात पगार १.१५ लाख, पेट्रोल धरून घरखर्च ६२ हजार, गृहकर्जाचा हप्ता १९ हजार. ठेव एकूण सात लाख. आईला दर महिन्याला बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागतं. काय करू?

नमस्कार.

आधी उत्तर देतो, मग हिशेब. बुकिंग सोडू नका, पण चवथीला गाडीही आणू नका. फेब्रुवारीपर्यंत थांबा. थांबण्याची किंमत तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार कमी आहे, जवळजवळ शून्य. कशी ते बघा.

महिन्याला पंचवीस दिवस नव्वद किलोमीटर म्हणजे २,२५० किलोमीटर. तुमची जुनी गाडी लिटरला सोळा देते असं धरलं आणि पेट्रोल ९६ रुपये धरलं, तर साडेतेरा हजार जातात. या आकाराची इलेक्ट्रिक गाडी तेवढ्याच अंतराला साधारण ३६० युनिट खाते. चार्जिंगमधली गळती धरून ४०० म्हणू. युनिटला सहा रुपये लावले तर २,४००. म्हणजे महिन्याला अकरा हजारांची बचत, सहा महिन्यांची ६६ हजार. आता कर्जाकडे या. पंधरा लाख, ९ टक्के, सात वर्षं: हप्ता २४,१३४. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं. पहिल्या सहा हप्त्यांतलं व्याज बेरजेला घेतलं तर येतं ६६,०३६ रुपये. पंपावर जे वाचलं ते बँकेला गेलं, मध्ये तुमच्या हातात काही राहिलं नाही. ठेव मोडल्याने बुडालेलं व्याज आणि नव्या गाडीचा जाडजूड विमा तर मी अजून धरलेलाही नाही. तेव्हा ‘रोज पेट्रोल जाळून नुकसान होतंय’ हे जे शोरूमवाला तुमच्या डोक्यात भरवतोय, ते डोक्यातून काढून टाका.

आता बिघाडांकडे येऊ. मला स्वतःला याचा चटका बसलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गेल्या वर्षी एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गाडी लावली, दीड तासाने दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत आलो. दाराची मूठ बाहेर येईना. मोबाइलवर बॅटरी ७१ टक्के दिसत होती आणि गाडी मात्र मढ्यासारखी पडून. चावीच्या पोटातली छोटी लोखंडी चावी काढून दार उघडलं तर आत एक दिवा लागेना. एका पिशवीत सुंगटं (कोळंबी) होती, वरून ऊन. टोइंगची गाडी पावणेतीन तासांनी आली. नंतर कळलं की खाली अंथरलेल्या मोठ्या बॅटरीचा यात काही दोष नव्हता. दारं, स्क्रीन, संगणक, एवढंच काय, मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारा स्विचसुद्धा चालतो तो बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीवर. गाडी बंद केल्यावर आतले सगळे संगणक झोपी जायला हवेत. सॉफ्टवेअरच्या चुकीने त्यातला एखादा जागाच राहिला, तर तो ती लहान बॅटरी चोखून काढतो. तिजोरी भरलेली, पण किल्ली हरवली अशातली गत.

हे माझ्याच नशिबी आलं असंही नाही. जुलै २०२४ मध्ये कियाने भारतात ईव्ही६ च्या १,१३८ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, त्याचं कारण याच लहान बॅटरीला वीज पुरवणाऱ्या भागाशी संबंधित होतं. मोठ्या, जुन्या, अनुभवी कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. म्हणून मावसभावाची गाडी ‘लिंबू’, म्हणजे मुळातच सदोष, निघाली असं लगेच म्हणू नका. स्क्रीन काळी पडणं बहुतेक वेळा अपडेटने सुटतं. चार्जिंग अर्ध्यावर थांबणं मात्र दर वेळी गाडीचा दोष नसतो. आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात कमकुवत होतं आणि चार्जर सुरक्षेसाठी स्वतःहून बंद पडतो. माझ्या पाहण्यातल्या दोन घरांत अर्थिंगचा खड्डा नव्याने केल्यावर ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम’ गेला. मावसभावाला आधी चांगला इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगा. गाडी सुरूच न होणं हे तिन्हीतलं खरं दुखणं. त्याच्या जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, नेमकं काय लिहिलंय ते मागून घ्या. ‘अपडेट केलं’ एवढंच लिहिलं असेल तर कारण सापडलेलं नाही. भाग बदलला असेल, तर निदान रोग ओळखला तरी आहे.

पण माझी काळजी वेगळी आहे. वॉरंटी भाग बदलून देते, मजुरी देते. दिवस देत नाही. माझी गाडी त्या वेळी अकरा दिवस वर्कशॉपमध्ये होती, भाग पुण्याहून यायचा होता. माझं ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणून निभावलं. तुमचं तसं नाही. डिचोली ते वेर्णा दोन बस बदलून शिफ्ट गाठायची, बांबोळीची तारीख असेल त्या दिवशी टॅक्सी करायची, आणि त्याच महिन्यात २४ हजारांचा हप्ता बँक मुकाट कापून घेणार. ठेवीतले साडेपाच गेले की तुमच्याकडे शिल्लक राहतात दीड लाख. पेट्रोलची बचत वजा केली तरी घरखर्च आणि दोन्ही हप्ते मिळून महिन्याला ९४ हजार लागतात, म्हणजे जेमतेम दीड महिन्याची सोय. पहिल्या खेपेची गाडी ज्याच्या दारात दुसरी गाडी आहे आणि बँकेत सहा महिन्यांचा खर्च आहे, त्याने हौसेने घ्यावी. जुनी विकून आणि ठेव मोडून तुमच्याकडे दोन्ही उरणार नाही. गाडी वाईट आहे की चांगली, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी गोष्ट किमतीची. नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या पहिल्या गिऱ्हाइकाला दोनदा मार बसू शकतो. अमेरिकेत शेव्हरोलेच्या ब्लेझर ईव्हीची विक्री सॉफ्टवेअरच्या तक्रारींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीनेच थांबवली. मार्च २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा सॉफ्टवेअर दुरुस्त होतं आणि किंमत हजारो डॉलरनी उतरलेली. ज्यांनी आधी घेतली त्यांनी त्रासही काढला आणि पैसेही जास्त मोजले. आपल्याकडे बिघाडाचा काही संबंध नसतानाही, फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत १.२० लाखांपर्यंत कमी केली, बॅटरीचे भाव उतरले म्हणून. नव्या गिऱ्हाइकाला आनंद, पण महिन्यापूर्वी घेणाऱ्याची गाडी एका रात्रीत स्वस्त झाली. विम्याचंही तसंच. नूतनीकरणाच्या वेळी गाडीचं विमामूल्य ठरतं ते कंपनीच्या त्या वेळच्या छापील किमतीवरून घसारा वजा करून: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. किंमत उतरली की हा आकडाही त्याबरोबर घसरतो.

सात वर्षांच्या कर्जात तीन वर्षांनंतरही तुमच्या डोक्यावर ९.७० लाख बाकी असतील. छापील किंमत १९ लाख धरली तर त्या वेळी विम्याच्या कागदावर गाडी ११.४० लाखांची. बाजारात सॉफ्टवेअरच्या बोभाट्यामुळे नाव खराब झालेल्या मॉडेलला तेवढे कोण देईल, याची मला खात्री नाही. शिवाय काही कंपन्या बॅटरीची जी ‘आजीवन’ वॉरंटी देतात, ती पहिल्या मालकापुरती असते, दुसऱ्याच्या हाती गेली की वर्षं आणि किलोमीटर मोजले जातात. जुनी घेणारा ते आधी विचारतो. तुमच्या गाडीच्या वॉरंटीच्या पुस्तिकेत ते पान शोधून वाचा. मोठ्या अक्षरांत छापलेलं नसतं.

मग सहा महिने करायचं काय? हप्ता आजपासून सुरू करा, फक्त स्वतःच्या नावाने. दर महिन्याला २४ हजार आवर्ती ठेवीत. तुमच्या आकड्यांनुसार महिन्याला ३४ हजार शिल्लक पडतात, म्हणजे हे जमायला हवं. तिसऱ्या महिन्यातच ओढाताण व्हायला लागली, तर ती गाडी दारात येण्याआधी कळली हे बरंच झालं. जमलं तर फेब्रुवारीत १.४४ लाख हातात येतील. कर्ज साडेतेरा लाखांचं घ्या, सातऐवजी पाच वर्षांचं. हप्ता २८ हजार. पेट्रोलचे वाचलेले अकरा हजार त्यात आले की तो पेलतो. व्याज ५.२७ लाखांवरून ३.३१ लाखांवर येतं, म्हणजे जवळपास दोन लाख वाचले. बँकेला एक प्रश्न मात्र विचाराच: दर स्थिर आहे की बदलता? वाहनकर्ज बहुतेक स्थिर दराचं असतं आणि मुदतीआधी फेडलं तर त्यावर दंड लागू शकतो.

जुनी गाडी विकू नका. हे तुम्हाला आवडणार नाही, कारण घराचा रंग राहील. पण रंग वर्षभर थांबला म्हणून घर पडत नाही. टायर आणि ब्रेकचं काम करून घ्या, त्यात सहा महिने निघतील. नवी आल्यावरही निदान पुढचा पावसाळा संपेपर्यंत ती दारात असू द्या, नुसत्या थर्ड पार्टी विम्यावर. एक्स्चेंज बोनस जाईल. जाऊ दे. वर्कशॉपमधले अकरा दिवस टॅक्सीने काढून बघा, मग तो बोनस किती मोठा होता ते कळेल. आणि कौलं गळतात की नाही हे जसं पहिल्या पावसात कळतं, तसं या गाड्यांचंही आहे. आपला पाऊस, पाण्याने भरलेले रस्ते, तासातासाला जाणारी वीज, यातून पहिली खेप गेली की फेब्रुवारीपर्यंत मालकांकडूनच खरं-खोटं बाहेर येईल. मावसभाऊ आहेच. त्याला दर महिन्याला फोन करा. एरवीही करायला हरकत नाही.

करसवलतीसाठी घाई करत असाल, तर तीही नको. वाहनकर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंत वजावट मिळायची, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती. शोरूममधल्या एका पोराने अजूनही ती मिळते असं माझ्या एका अशिलाला सांगितलं होतं.

फेब्रुवारीत गाडी घ्याल तेव्हा नोंदणीच्या आधी ती बघायला जा, नंतर नाही. कुठल्या महिन्यात बनली, आत कुठलं सॉफ्टवेअर आहे, ते लिहून घ्या. जानेवारीत किंवा त्यानंतर बनलेली मागा, विकताना वर्ष मोजलं जातं. अर्धा तास चार्जिंगला लावून बघा. तरीही पुढे काही बिघडलंच, तर दर वेळी लेखी जॉब कार्ड घ्या आणि बिघाड होत असतानाचा व्हिडिओ काढा. सॉफ्टवेअरचा दोष वर्कशॉपच्या दारात पोचला की शहाण्या मुलासारखा वागायला लागतो, त्यामुळे पुरावा तुम्हालाच ठेवावा लागतो. ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला पर्वरी. तुमच्या किमतीच्या गाडीला शुल्क हजार रुपयांपुढे जात नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कधी कधी तेवढ्यानेच कंपनीचा फोन येतो.

आजचं काम एकच. शोरूमला लिहून कळवा की डिलिव्हरी फेब्रुवारीत हवी, तोवर माझ्या नावाने बिल बनवू नये आणि नोंदणीला कागद पाठवू नयेत. बुकिंगचे २१ हजार परत मिळण्याची अट पावतीच्या मागे असेल, तिचाही उल्लेख करा. बिल होऊन नोंदणी झाली की मागे फिरणं महाग पडतं. आणि हे फोनवर सांगू नका, ईमेल करा. चवथ जवळ आली की त्यांच्यावर महिन्याच्या आकड्यांचा दबाव असतो, आणि फोनवर ‘हो हो’ म्हणणारा पोरगा पुढच्या महिन्यात दुसऱ्या शोरूमला गेलेला असतो.