पहिली क्रॉस भारी निघाली, मग तिची पाडी का धापा टाकते?

नमस्कार मंडळी, पंधरा दिवसांत अथणी, रायबाग, चिकोडीकडनं एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडानं आलाय म्हणून सगळ्यांना मिळून एकदमच लिहितो. अथणीच्या एका अण्णांचा मेसेज असा, "सर, गावरान गाईला एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी दुधाळ जात) भरली, पाडी झाली ती दिवसाला 12 लिटर देतीय, कधी आजारी नाही. तिला परत एचएफच भरली तर तिची पोर मे महिन्यात जीभ बाहेर काढून धापा टाकतीय, तीनदा भरली तरी उलटतीय (गाभण राहत नाही). कांडी (वळूच्या वीर्याची नळी) डुप्लिकेट होती काय?"

अण्णा, कांडी बरोबरच होती, गडबड हिशोबात झाली. गावरान आणि एचएफ या लांबच्या रक्ताच्या जाती, पहिल्यांदा एकत्र आल्या की पाडीत दोन्हीकडचे गुण समोरासमोर बसतात आणि एकीकडची उणीव दुसरीकडनं भरून निघते, त्यालाच संकर जोम म्हणतात. तो पहिल्या क्रॉसमध्ये पूर्ण असतो. तिला परत एचएफ भरली की पाडीत एचएफ रक्त 75 टक्के होतं पण जोम निम्म्यावर येतो, अजून एकदा भरली तर रक्त 87.5 टक्के आणि जोम पाव. आणि गंमत बघा, हा जोम दुधापेक्षा जास्त दिसतो तो गाभण राहण्यात, वासरू जगण्यात आणि रोगाला टक्कर देण्यात. म्हणून तुमची पहिली गाय कधी दवाखान्यात गेली नाही. नोकरीच्या सुरवातीला मी पण एचएफ वाढवा, एचएफ वाढवा असं सांगत फिरायचो, आता नाही सांगत.

दुसरी गोष्ट जागेची. बेंगलोर-कोलारकडनं आणलेली गाय तिकडं 22 लिटर देत होती म्हणून दाखवतात आणि इथं आल्यावर 14 वर येते, मग व्यापाऱ्याला शिव्या. व्यापारी खोटं बोलला असेलही, पण बेंगलोर समुद्रसपाटीपासून 900 मीटरच्या वर आहे, उन्हाळा सौम्य, आणि तुमच्या पत्र्याच्या गोठ्यात दुपारी काय होतं ते तुम्हालाच माहीत. एका ठिकाणी पहिला नंबर काढणारा वळू दुसऱ्या ठिकाणी पहिलाच येईल असं नाही. एकाच वळूची पाडी खानापूरच्या पावसात गोचीड आणि खुरांच्या दुखण्यानं बेजार होते, तीच अथणीत उन्हानं, आणि बारमाही हिरवा चारा, मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा), पंखा असलेल्या गोठ्यात झक्कास चालते. ब्राझीलवाल्यांनी आपलीच गीर नेऊन गिरोलांडो जात केली, तिच्यात पाच भाग एचएफ आणि तीन भाग गीर. एचएफ अजून वाढवायला काय त्यांच्याकडं कांड्या नव्हत्या?

आता करायचं काय. दुपारी तीनला गाईच्या कुशीकडं बघत घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा, 60 च्या वर गेले तर तिला ऊन बाधतंय. सावली, अंगावर पाणी मारून वारा, आणि वैरण सकाळी लवकर नि रात्री. नुसत्या उसाच्या वाड्यावर ठेवू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून मिनरल मिक्श्चर रोज. उलटणाऱ्या गाईची गर्भाशयाची तपासणी करून घ्या, सगळंच उन्हावर ढकलायचं नाही.

भरताना या 75 टक्केवाल्या पाडीला परत शुद्ध एचएफ नको. 50 टक्केवाल्या क्रॉस वळूची कांडी घेतली तर वासराचं एचएफ रक्त 62.5 टक्क्यांवर येतं. गीर किंवा साहिवाल या देशी जाती भरल्या तर एचएफ रक्त 37.5 वर उतरतं, दूध थोडं कमी, पण जोम परत पाऊणपट होतो. माझं मत विचाराल तर दोन गाई नि कमी पाणी असलेल्यानं हाच रस्ता धरावा, दहा गाईंचा नि मुरघासवाला पहिला धरू दे. आणि कांडी फेकायच्या आधी वळूचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून फोटो काढा, नाहीतर दोन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच पोरीला पडते.

निपाणीच्या वहिनींनी विचारलंय म्हशीला पण असं क्रॉस करायचं का. पंढरपुरीला मुर्रा भरतात, वासरू थोराड होतं पण खातंय पण तसंच. वैरण विकत आणत असाल तर वहिनी, पंढरपुरीला चांगला पंढरपुरी रेडाच बघा.