कार्नेची हमी कुठल्या पैशातून द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा. एका वाचकाला स्वतःची मोटरसायकल जहाजाने केप टाउनला पाठवून नामिबिया, बोत्स्वाना, झांबिया, टांझानिया असं करत केनियापर्यंत जायचं आहे आणि मोंबासाहून गाडी परत पाठवायची आहे. चार महिने रस्त्यावर, आणि गाडीची ने-आण धरून पाच महिने बिनपगारी रजा. कार्ने, म्हणजे गाडी आयात शुल्क न भरता तात्पुरती परदेशात नेण्याचा कस्टम्सचा कागद, देणारा मोटरिंग क्लब गाडीच्या किमतीच्या दुप्पट रकमेची बँक हमी मागतो आहे. त्यासाठी आकस्मिक निधीसकट जवळपास सगळ्या मुदत ठेवी तारण ठेवायचा त्यांचा विचार आहे. 'हा खर्च नाहीच, पैसे परत मिळणार आहेत, मग अडचण काय?' असं ते विचारतात. गाडीवरच्या कर्जाचे १४ हप्ते बाकी आहेत, आणि घरात कमावते ते एकटेच.

तुम्ही आकडे दिले आहेत. चलन बाजूला ठेवून गाडीची आजची किंमत १०० धरू. त्या मापाने तुमच्या ठेवी २३०, सहलीसाठी वेगळे जमवलेले १२०, महिन्याचा घरखर्च १० आणि हप्ता ३. हमी २०० ची.

पैसे परत मिळणार आहेत हे खरं. पण कधी आणि कोणाच्या म्हणण्यावर, हे तुमच्या हातात नाही. आकस्मिक निधीची गरज ज्या दिवशी पडेल, त्याच दिवशी तो अडकलेला असण्याची शक्यता इथे सर्वात जास्त आहे. गाडी चोरीला गेली, अपघात झाला किंवा घरी कोणी आजारी पडून अचानक परतावं लागलं, तर त्याच वेळी कार्नेही अडचणीत येतो. म्हणून माझं उत्तर असं आहे: सहल करा, पण या गाडीवर आणि या ठेवींवर नको.

आधी साधा हिशोब. २०० तारण गेले की हाताशी ३० उरतात. पाच महिन्यांचा घरखर्च ५० आणि हप्ते १५, म्हणजे ६५. काहीही वाईट घडलं नाही तरी तुम्ही ३५ ने कमी पडता. तारण ठेवलेल्या ठेवीवर व्याज मिळत राहतं ही जमेची बाजू, पण हमी सुटेपर्यंत ती मोडता येत नाही. शिवाय हमीचं कमिशन बँक दर वर्षी किंवा दर तिमाहीला घेते, ते परत मिळत नाही.

आता कार्ने म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण धोका त्याच्या रचनेतच आहे. तुमची गाडी दुसऱ्या देशात आयात शुल्क न भरता तात्पुरती आत येते. ती परत बाहेर गेली नाही, तर ते शुल्क आणि कर आम्ही भरू, अशी हमी क्लब त्या देशाच्या कस्टम्सला देतो. क्लबने भरलेले पैसे तो तुमच्याकडून वसूल करतो, म्हणून तुमच्याकडून तारण. कार्नेची मुदत एक वर्षाची असते. तो ५, १० किंवा २५ पानांचा मिळतो. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: आत येताना कस्टम्स फाडून घेतं तो, बाहेर जाताना फाडून घेतं तो, आणि तुमच्याकडे राहणारी स्थळप्रत. या स्थळप्रतीवर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा असे दोन्ही शिक्के असतील, तरच तो देश तुमच्यापुरता मिटला.

हमी नेमकी किती, हे गाडीची किंमत, मार्गातले देश आणि क्लबचे नियम यांवर ठरतं. काही देशांसाठी ती गाडीच्या किमतीच्या कित्येक पट होते. कस्टम्सनं मागितलेलं शुल्क गाडीच्या मूळ किमतीपेक्षा जास्त असू शकतं, म्हणूनच दुप्पट हमी. ती उगाच मागितलेली नाही.

सर्वात मोठा गैरसमज चोरीबद्दल असतो. पोलीस तक्रारीची प्रत दाखवली की शुल्क माफ, असं नाही. कस्टम्सच्या दृष्टीनं गाडी देशातच आहे, फक्त तुमच्याकडे नाही. त्यामुळे शुल्काची मागणी येऊ शकते. अपघातात गाडीचा चेंदामेंदा झाला तरी ती तशीच टाकून येता येत नाही. कस्टम्सच्या देखरेखीखाली ती नष्ट करून किंवा त्यांच्या ताब्यात देऊन तसा दाखला घ्यावा लागतो, नाहीतर सांगाडा बाहेर न्यावा लागतो. तुमच्या आकड्यांत हे बसवून पाहा. गाडी गेली, कर्जाचे हप्ते चालूच, घरखर्च-हप्ते वजा जाता ठेवींत उरलेले १६५, आणि मागणी २०० पर्यंत. एका चोरीत सगळी बचत जाऊन वर कर्ज. तुमचा मायदेशातला वाहन विमा सहसा सीमेबाहेर चोरीची भरपाई देत नाही. पॉलिसीतलं भौगोलिक क्षेत्राचं कलम वाचा.

हमी परत कधी सुटते? कार्ने सगळ्या शिक्क्यांसह परत दिला की बहुतेक क्लब तपासून ती सोडतात. एखादा शिक्का राहिला असेल तर थांबावं लागतं. १९५४ च्या न्यूयॉर्क कस्टम्स करारानुसार, कार्नेची मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत कस्टम्स क्लबला 'ही गाडी बाहेर गेल्याची नोंद नाही' असं कळवू शकतं, आणि त्यानंतर पुरावा देण्यासाठी क्लबला आणखी मुदत मिळते. म्हणजे पाच महिन्यांच्या सहलीसाठी दिलेली हमी सर्वात वाईट परिस्थितीत दोन वर्षांहून जास्त अडकू शकते. बँकेत हमीपत्र करताना त्याची अंतिम तारीख आणि दाव्याचा कालावधी, दोन्ही लिहून घ्या.

तुमच्या मार्गावर हा शिक्का नेमका कुठे हुकतो तेही सांगतो. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना, लेसोथो आणि एस्वातिनी हे पाच देश मिळून एकच कस्टम्स संघ आहेत. त्यामुळे केप टाउनला आत आल्याचा शिक्का बसतो, मधल्या सीमांवर पान फाडलं जात नाही, आणि बाहेर गेल्याचा शिक्का बोत्स्वाना सोडताना झांबियाच्या सीमेवरच्या काझुंगुलाच्या पुलापाशी घ्यायचा असतो. तो पूल २०२१ मध्ये सुरू झाला. तिथे दोन्ही देशांची कार्यालयं एकत्र आहेत, आणि त्यामुळेच गर्दीत थेट झांबियाच्या खिडकीपाशी पोचणं सोपं आहे. आधी बोत्स्वानाचं कस्टम्स शोधा. अधिकाऱ्यालाही संघाचा नियम ठाऊक असेलच असं नाही; केप टाउनच्या पानावर बोत्स्वानाचा शिक्का का, असं तो विचारेल. शांतपणे समजावून सांगा आणि शिक्का, तारीख, सही, कार्यालयाचं नाव स्थळप्रतीवर उमटल्याशिवाय गाडी सुरू करू नका. प्रत्येक पानाचा फोटो काढून घरी पाठवा. हुकलाच, तर पुढच्या देशात आत आल्याचा शिक्का पुरावा म्हणून कामी येतो. शेवटी मायदेशातल्या कस्टम्सकडून गाडी इथे हजर असल्याचा दाखला कार्नेच्या मागच्या पानावर घेता येतो.

मोंबासाला आणखी एक जागा आहे. गाडी बंदराच्या आवारात पोचली म्हणजे देशाबाहेर गेली असं नाही. एजंटाच्या हाती कार्ने देऊन विमान पकडू नका. बाहेरचा शिक्का बसलेला पाहून मगच निघा. घरी गाडी उतरवतानाही स्वतःच्या देशाच्या कस्टम्सची परत-आयातीची नोंद लागते, नाहीतर स्वतःच्याच गाडीवर शुल्काचा प्रश्न उभा राहतो.

कागदांत चेसिस आणि इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी अक्षर-अक्षर जुळायला हवा. शून्य आणि 'ओ' यांची अदलाबदल हा नेहमीचा घोळ. गाडीवर कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर वित्तसंस्थेचा ना हरकत दाखला लागतो, आणि तारण असलेली वस्तू देशाबाहेर न्यायला ती नकार देऊ शकते. तुमच्या पत्रात त्यांना विचारल्याचा उल्लेख नाही. जहाजाचं आरक्षण करण्याआधी हे विचारा.

आता पर्यायांकडे. तुम्ही मागवलेल्या दरांनुसार गाडीची ने-आण ४०, क्लबचं शुल्क आणि बँकेचं कमिशन मिळून ११. म्हणजे ५१. तिथे भाड्याची गाडी रोज १. साधारण ५० दिवसांपर्यंत भाडं स्वस्त, त्यापुढे स्वतःची गाडी. १२० दिवसांच्या भाड्यात तुमचा सहलीचा सगळा निधी संपेल, म्हणून पूर्ण मार्गासाठी भाडं हा पर्यायच नाही. सहा आठवड्यांचा नामिबिया-बोत्स्वानाचा फेरा करायचा असेल तर मात्र दुसरा विचारच करू नका, भाड्यानं घ्या. मालकाकडून सीमा ओलांडण्याचं परवानगीपत्र घ्या, त्यात देशांची नावं लिहिलेली हवीत. कार्डवर किती रक्कम अडवणार, नुकसानीत तुमचा वाटा किती आणि खडीच्या रस्त्यावरचं नुकसान विम्यात आहे का, हे आधी विचारा. नामिबियात बहुतेक रस्ते खडीचे आहेत, त्यामुळे शेवटचा प्रश्न तिथे फार महत्त्वाचा.

पण तुम्हाला केनियापर्यंतच जायचं आहे, आणि ते मला पटतं. त्यासाठी माझा सल्ला तुम्हाला आवडणार नाही: ही गाडी विका. १०० आले, त्यातून कर्जाचे ४२ फेडले (मुदतपूर्व फेडीचं शुल्क विचारा, पुढचं व्याज वाचत असल्याने प्रत्यक्षात थोडे कमीच लागतील). उरले ५८. त्यातून ३५ ची, साधी, जुनी, सुटे भाग सहज मिळणारी गाडी घ्या आणि ८ तिच्या तयारीवर घाला: चेन-स्प्रॉकेट, टायर, ट्यूब, क्लच व ब्रेकच्या केबल, बेअरिंग. १५ बचतीत गेले, ठेवी २४५ झाल्या. हमी आता ७० ची. घरखर्चाचे ५० आणि सहा महिन्यांचा आकस्मिक निधी ६० बाजूला काढले तरी ७० तारण ठेवून ६५ मोकळे राहतात. गाडी चोरीला जाऊन पूर्ण हमी बुडाली तरी घरच्या निधीला हात लागत नाही. क्लबला कमी किंमत सांगून हमी घटवण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो ऐकू नका; विमा आणि दावा, दोन्ही ठिकाणी तीच किंमत तुमच्या अंगाशी येते. नवी गाडी घेतल्यावर नोंदणी तुमच्या नावावर पूर्ण झाल्याशिवाय कार्नेचा अर्ज करू नका.

काही क्लब हमीऐवजी विमा कंपनीचं हमीपत्र स्वीकारतात. विम्याचा हप्ता भरायचा, मोठी रक्कम अडकत नाही. मात्र तो हप्ता पूर्ण परत मिळत नाही, आणि कस्टम्सचा दावा आला तर विमा कंपनी पैसे भरून तुमच्याकडून वसूल करू शकते. करारातलं हे कलम वाचल्याशिवाय याला स्वस्त म्हणू नका.

जहाजाच्या खर्चात गाडीची लाकडी पेटी लहान करण्यात खरी बचत आहे. सुट्या मालाचं भाडं घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर लागतं. २२० × ९० × १२० सेंटीमीटरची पेटी २.३८ घनमीटर होते. पुढचं चाक आणि हँडल काढून १९० × ७० × ११० मध्ये बसवली तर १.४६. लाकडावर आयएसपीएम १५ या, लाकडातून कीड पसरू नये म्हणून ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा उष्णताप्रक्रियेचा शिक्का हवा, नाहीतर बंदरात पेटी अडते आणि साठवणुकीचं भाडं दिवसागणिक वाढतं. पोचल्यानंतरची बंदर हाताळणी सहसा दरपत्रकात नसते, ती वेगळी विचारा.

विम्याबाबत. दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोत्स्वाना इथे अपघातातल्या शारीरिक इजेची भरपाई इंधनावरच्या आकारणीतून चालणाऱ्या सरकारी निधीतून होते. तुम्ही दुसऱ्याच्या गाडीचं केलेलं नुकसान त्यात येत नाही, त्यासाठी वेगळा विमा घ्या. झांबियात शिरताना तृतीय पक्ष विमा घ्यावा लागतो. तिथेच कोमेसा या आफ्रिकी देशांच्या व्यापारी गटाचं पिवळं कार्ड, म्हणजे अनेक देशांत चालणारा तृतीय पक्ष विमा, मागा. ते टांझानिया आणि केनियातही चालतं, म्हणजे प्रत्येक सीमेवर नवा विमा नको. प्रवासी आरोग्य विम्यात मोटरसायकलची सीसी मर्यादा, वाहन परवान्याची अट आणि रुग्णाला हलवण्याची रक्कम तपासा. आंतरराष्ट्रीय परवान्यावर मोटरसायकलच्या गटाचा शिक्का नसेल, तर विमा कंपनीला नकाराचं आयतं कारण मिळतं.

घरी अचानक परतावं लागलं तर गाडी कस्टम्सच्या परवानगीनं त्यांच्या ताब्यातल्या गोदामात ठेवावी लागेल. जाण्या-येण्याचं तिकीट आणि गोदामभाडं यांसाठी मोकळ्या ६५ पैकी १० वेगळ्या खात्यात ठेवा. सीमेवर अधिकारी गाडी त्या देशात ठेवण्याची जी शेवटची तारीख लिहून देतो ती कार्नेच्या मुदतीपेक्षा आधीची असू शकते. तिच्याआधी मुदतवाढ मागा.

पहिलं काम म्हणून कार्यालयाकडून बिनपगारी रजेचं आणि परत रुजू करून घेण्याचं पत्र लेखी मिळवा. ते हाती नसेल तर सहा महिन्यांचा निधी पुरणार नाही, नऊचा धरावा लागेल, आणि मग मोकळे ६५ चे ३५ होतील. त्यातूनही सहल बसते, पण गाडी ३५ पेक्षा महाग घेता येणार नाही.