परदेशात फिरताना माझी एवढी चिडचिड का झाली?

“लेकीनं हौसेनं बोलावलं, तिकिटं काढली, सगळं दाखवलं. आणि मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडले. मला सुख बोचतं का हो, मॅडम?”

गोव्यातल्या डिचोलीच्या एका काकूंचा हा प्रश्न. शाळेतून निवृत्त झालेल्या, साठीच्या आसपासच्या. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) लेक पोर्तुगालमधल्या लिस्बनला नोकरी करते. जूनमध्ये काका-काकू तिच्याकडे जाऊन आले. मग तिनं ऑक्टोबरात पुन्हा बोलावलं, तर काकू कधी गुडघ्याचं, कधी घरच्या कार्याचं निमित्त सांगू लागल्या. सुट्टीचा मोसम संपला की असे प्रश्न घेऊन बरेचजण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. शहर तेवढं वेगळं असतं.

ओरडणं घडलं ते सांता जुस्ताच्या लिफ्टपाशी. 1902 सालची ही 45 मीटर उंच लोखंडी लिफ्ट खालची बाजारपेठ वरच्या कार्मो भागाशी जोडते. त्या दिवशी सकाळी त्यांनी 28 नंबरच्या ट्रामसाठी रांग लावली होती आणि मग पाकीटमारांपासून सावध राहा ही पाटी वाचत, पर्स छातीशी धरून, उभ्यानं प्रवास केला होता. दुपारी बेलें भागातला जेरोनिमुश मठ, तिथंही उन्हात रांग. वास्को द गामाच्या समाधीपुढे काका भारावून उभे होते. काकूंना आपली पावलं ठणकताहेत एवढंच कळत होतं. संध्याकाळी लिफ्टची लांबलचक रांग दिसली आणि त्यांचा बांध फुटला. “मला काही बघायचं नाही, घरी चला!” लेक गप्प झाली. तेव्हापासून फोनवर ‘जेवलात का, पाऊस आहे का’ यापुढे बोलणं जात नव्हतं.

पहिली शंका अर्थातच गर्दीच्या भीतीची. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, चवथीच्या आधी माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या सजावटीच्या) सामानासाठी उसळणारी गर्दी, डिचोलीचा नव्या सोमवारचा उत्सव, इथं काय होतं, असं विचारलं. काही होत नाही, उलट आवडतं, म्हणाल्या. छातीत धडधड, श्वास अडकणं, गर्दी टाळण्यासाठी घरातच बसून राहणं, असं काही नव्हतं. तसं असतं तर उपचारांची दिशा वेगळी असती. ज्यांना ते होतं त्यांनी तपासून घ्यावं, केवळ सहलीचा शीण समजून सोडून देऊ नये.

ओळखीच्या गर्दीत आपण अर्धं लक्ष देऊनही चालतो. कुठल्या गल्लीतून निघायचं, कोणाला ‘जरा सरका’ म्हणायचं, हे अंगवळणी पडलेलं असतं. परक्या शहरात रस्ता ओलांडतानाही विचार करावा लागतो, कारण गाड्या उलट बाजूनं येतात. पाट्या वाचता येत नाहीत, पर्स सांभाळायची, लेक पुढे गेली की नजर तिच्यावर ठेवायची. मेंदूला क्षणाची उसंत नाही. त्यात लिस्बन जूनमध्ये आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. साडेपाचला उठणाऱ्या काकूंना तिथं रात्री एकला जाग यायची. आणि रात्री नऊपर्यंत उजेड, म्हणून तोवर फिरणं. सुरुवातीच्या त्या दिवसांत त्यांच्या शरीराच्या हिशेबानं तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असायचा! अशा वेळी चिडचिड होणारच. तिला कृतघ्नपणा म्हणणं मला मुळीच मान्य नाही, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग विचारलं, तिथलं काय आवडलं? बराच वेळ गेला. म्हणाल्या, “फेरीबोट.” नदीपलीकडच्या कासिल्याशला जाणारी, दहाएक मिनिटांची. चोडण-रायबंदरची फेरी आठवली, वाऱ्यानं बरं वाटलं. शिवाय आल्फामा या जुन्या वस्तीतली एक सकाळ. पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या, गिऱ्हाईक यायच्या आत दार धुणारी बाई, ताज्या पावाचा वास. सांगताना चेहरा खुलला होता. म्हणजे शहर त्यांना आवडलं होतं. नकोशी झाली होती ती बघायच्या ठिकाणांची यादी.

मी म्हटलं, पुण्याहून तुमची बहीण आली तर एका दिवसात तिला काय दाखवाल? लगेच उत्तर आलं. “सकाळी लवकर मंगेशी, गर्दी व्हायच्या आत. घरी येऊन जेवण. दुपारी झोपायचं. ऊन कलल्यावर मिरामारचा किनारा.” आणि जुनं गोंय, पणजीतली फोंताइन्यशची जुनी वस्ती? “एकाच दिवशी कशाला? दमेल ती.” हे बोलल्यावर त्या स्वतःच थांबल्या. आपल्या गोव्यात पाहुण्याला कसं फिरवायचं हे आपल्याला नेमकं कळतं. स्वतः पाहुणे झालो की मात्र पैसे वसूल करायची घाई होते.

इतका वेळ शेजारी शांत बसलेले काका तेव्हा बोलले. त्यांना खरं तर मठाच्याच इमारतीतलं नौकानयनाचं संग्रहालय तास-दोन तास पाहायचं होतं, पण हिचा चेहरा पाहून ते निघाले. दोघांनी एकमेकांसाठी मन मारलं होतं आणि दोघंही नाराज. एकत्र गेलो म्हणजे प्रत्येक पाऊल एकत्रच टाकायचं, हा नियम कोणी घातला? त्यांनी ठरवलं: दिवसाला एकच मोठं ठिकाण, तेही सकाळी. दुपारी विश्रांती. काकांना हवं तेव्हा ते एकटे जातील.

लेकीला मात्र ‘मला आवडलं नाही’ म्हणायचं नाही, ‘दुपारनंतर मी दमते’ असं सांगायचं, एवढीच तयारी आम्ही करून घेतली. फोनवर लेक रडली. रांगांचा तिलाही वैताग होता. आई-बाबा एवढ्या लांबून आले, काही राहून गेलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून तिनं ती यादी केली होती.

ऑक्टोबरात ते गेले. काका संग्रहालयात रमले तेव्हा मायलेकी ग्रासाच्या टेकडीवर शहराकडे बघत बसल्या. लिफ्टच्या वरच्या टोकाला कार्मोच्या बाजूनं चालत जाता येतं, तसे तिघं गेले, रांग न लावता. एक दिवस वादही झाला, पण रात्री जेवताना मिटला.

टेकडीवर लेकीनं आणखी एक सांगितलं: ती कायमची तिकडेच राहायचं म्हणते आहे. काकूंनी पुढची वेळ त्यासाठी मागितली आहे, आणि या वेळी काकाही बोलायला येणार आहेत.