नववीतली ताई

"मॅडम, पुढच्या वर्षी दहावी आहे. आणि ही रोज संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना शिकवायला जाते. स्वतःचा अभ्यास कधी करणार?" शाळा सुटल्यावर अभ्यासिकेत लहानांना शिकवणाऱ्या मुलांचे आईवडील मला हे नेहमी विचारतात. पुण्यातल्या या आईचंही तेच म्हणणं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लेकीला सहामाहीत गणितात कमी मार्क पडले आणि सगळा दोष अभ्यासिकेवर आला.

शिकवल्यामुळे मार्क घसरतात, असं मला सहसा आढळत नाही. तिसरीतल्या मुलाला वजाबाकी समजावायची, तर दशक सुटा का करायचा हे आधी आपल्याला नीट कळावं लागतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संगणकावरच्या एका पात्राला शिकवायचंय म्हटल्यावर आठवीतली मुलं स्वतःपुरतं शिकणाऱ्यांपेक्षा अभ्यासाला जास्त वेळ देत होती. म्हणून मी मुलीशी एकटीशी बोलले.

कोण कुठल्या पाढ्यावर अडतं, कोणाला जोडाक्षरं जमत नाहीत, सगळं तिला पाठ होतं. एका मुलाबद्दल मात्र ती बोलेचना. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्याने मला पाठीवरचे वळ दाखवले. बाबा मारतात. कुणाला सांगणार नाही अशी शप्पथ घ्यायला लावली." तो आला नाही की हिचं कशातच लक्ष लागत नसे. रात्री झोप नव्हती. मग गणित कसं सुटणार?

मी तिला स्पष्ट सांगितलं, की मारहाण गुपित ठेवायची नसते आणि हे मलाही पुढे सांगावंच लागेल. ती रडली. त्या मुलाचा आपल्यावरचा विश्वास उडेल, ही तिची भीती खरी होती. म्हणून त्याच्याशी काय बोलायचं, ते आम्ही आधी ठरवलं: "तुला लागतंय हे माहीत असताना मला गप्प बसवत नाही. आपण दोघं मिळून मोठ्या ताईंना सांगू." पुढचं अभ्यासिकेच्या ताईंनी हाती घेतलं आणि 1098 या चाइल्ड हेल्पलाइनची मदत घेतली. हे मोठ्यांचंच काम होतं. पंधरा वर्षांच्या मुलीने ते इतके दिवस एकटीने वाहिलं, याचं मला फार वाईट वाटलं.

आईला मी म्हटलं, अभ्यासिका बंद करू नका, तिथे जाऊन विचारा. एका मुलीकडे किती मुलं दिलीत? शिकवताना कुणी मोठं माणूस हजर असतं का? या शिकवणाऱ्या मुलांचं कोण ऐकून घेतं? शेवटच्या प्रश्नाला तिथे उत्तर नव्हतं. आता दर शनिवारी ताई त्यांच्यासोबत बसतात.

मुलगी आता आठवड्यातून तीनच दिवस जाते. परीक्षेआधी सुट्टी घेते, पण मुलांना आधी सांगून, परत कधी येणार तो वार फळ्यावर लिहून. न सांगता ताई यायची थांबली, की आपलंच काहीतरी चुकलं असं लहान मुलं धरून बसतात.