धक्क्यावरचे प्रश्न: बर्गन

मागच्या अंकात नॉर्वेतल्या बर्गनचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. नवऱ्याच्या बोटीवरच्या नोकरीमुळे माझा संसार याच बंदरात झाला, त्यामुळे या गावाबद्दल बोलायला मला निमित्तच लागतं. चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न: मुलानं बर्गनहून फोटो पाठवले. बंदरावरची लाल-पिवळी लाकडी घरं एकमेकांवर रेललेली दिसतात. त्यानं कॅमेरा तिरका धरला होता, की घरंच वाकडी आहेत? (पुणे)

मुलाचा हात सरळ होता, घरंच वाकडी आहेत. हा भाग म्हणजे ब्रिगेन, जर्मन व्यापाऱ्यांची जुनी वखार. १७०२ च्या आगीत गाव जळालं, तेव्हा जुन्याच पद्धतीनं ही घरं पुन्हा उभी केली. खाली खडक नाही. शतकानुशतकं लोकांनी आगीचा राडारोडा आणि कचरा पाण्यात लोटला, ओंडक्यांचे सांगाडे रचले आणि धक्का पुढे सरकवला. आज जिथे पर्यटक आइस्क्रीम खात उभे असतात, तिथे कधीकाळी जहाजं लागायची.

पाण्याखाली लाकूड टिकतं, कारण त्याला हवा लागत नाही. पण शेजारी हॉटेल बांधलं गेलं, जमिनीतल्या पाण्याची पातळी उतरली, पायातलं लाकूड सडू लागलं आणि घरं खचू लागली. त्यावर इलाज काय, तर पावसाचं पाणी मुद्दाम जमिनीत मुरवायचं. पावसाला इथे तोटा नाही. साधारण मुंबईइतकाच पडतो, फक्त चार महिन्यांत न उरकता वर्षभर पुरवून पुरवून पडतो.

समोरून फोटो काढून परत फिरू नका, ही माझी हात जोडून विनंती. दोन घरांमधल्या बोळात शिरा. पायाखाली फळ्या, डोक्यावर पुढे आलेले सज्जे, भर दुपारी अंधार. १३६० च्या सुमारास हान्सा या व्यापारीसंघानं इथे कचेरी थाटली, ती १७५४ पर्यंत चालली. त्यांच्या माणसांना लग्न करायची बंदी, आणि आगीच्या धास्तीनं या लाकडी घरांत चूलही पेटवायची नाही. नॉर्वेच्या हिवाळ्यात! ऊब आणि गरम जेवण मिळायचं ते मागच्या बाजूच्या 'शोत्स्तुअने' या सभाघरांत. तिथे आता संग्रहालय आहे, ते चुकवू नका.

१९५५ मध्ये पुन्हा आग लागली आणि वखारीचा मोठा भाग गेला. त्या राखेखाली मात्र पुरातत्त्ववाल्यांना घबाड सापडलं: रूण या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतले सुमारे ६७० लेख, बरेचसे लाकडाच्या काड्यांवर कोरलेले. मालावर लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या, हिशेब, प्रार्थना, आणि चावट मजकूरही. एका काडीवर लिहिलंय, 'गीदा म्हणते, घरी ये.' उलट बाजूला कुणीतरी काहीतरी खरडलंय, ते वाचता येत नाही. नवरा कुठे बसला होता हे सांगायला पुरातत्त्व कशाला हवं! १९७९ मध्ये युनेस्कोनं ब्रिगेनला जागतिक वारसा ठरवलं.

प्रश्न: तिकडेही मासे सुकवतात म्हणे. आमच्या वलांडीवरच्या बोंबलासारखे का? आणि मासळीबाजारात काय घ्यावं? (वसई)

बोंबील हा बर्गनच्या 'तोर्फिस्क'चा धाकटा भाऊ म्हणा. मासा कॉड, आणि तो सुकतो बर्गनला नाही, दूर उत्तरेला लोफोतेन बेटांवर. शेपट्या बांधून जोडीजोडीनं लाकडी मांडवावर टांगतात. मीठ अजिबात नाही. थंड वाऱ्यात वजन उतरून पाचवा हिस्सा राहतं आणि मासा वर्षानुवर्षं टिकतो. तो होड्यांतून बर्गनला यायचा आणि बदल्यात जर्मन व्यापारी बाल्टिककडचं धान्य द्यायचे, कारण उत्तरेत धान्य पिकत नव्हतं. धान्य आधी उधार मिळायचं, त्यामुळे कोळी कायम कर्जात. या गावाचा पैसा असा आला. आज हा मासा इटलीला जातो, नायजेरियालाही जातो.

मासळीबाजाराचं म्हणाल, तर तो आता पर्यटकांचा झालाय. भाव ऐकून वसईकर परत फिरेल. काळपट लाल मांस दिसलं तर विचारून घ्या, व्हेलचं असू शकतं. खायचंच असेल तर हॉटेलात 'पेर्सेतोर्स्क' मागवा: मीठ-साखर लावून दाबून ठेवलेला कॉड, खास इथला.

प्रश्न: कुष्ठरोगाचा जंतू बर्गनमध्ये सापडला असं वाचलं. तिथे पाहण्यासारखं काही आहे का? (वरोरा)

वरोऱ्याहून, आनंदवनाच्या गावाहून, हा प्रश्न आला याचं बरं वाटलं. हो, १८७३ मध्ये गेर्हार्ड आर्माउअर हान्सेन यांनी इथेच तो जंतू पाहिला. रोग आनुवंशिक नाही, हे त्यातून पुढे आलं. सेंट यॉर्गन हे जुनं लाकडी रुग्णालय आज संग्रहालय आहे. रोग्यांच्या खोल्या इतक्या अरुंद की दोन खाटा लागल्या की संपलं. शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये तिथेच वारले.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हान्सेन यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिची परवानगी न घेता रोगाचा अंश टोचला होता. कोर्टात खटला झाला आणि १८८० मध्ये त्यांची रुग्णालयातली नेमणूक गेली. थोर माणूस, पण ही बाजू झाकू नये.

प्रश्न: जूनमध्ये क्रूझवरून एकच दिवस मिळणार. सोबत सासूबाई, गुडघे दुखतात. (ठाणे)

बाजाराजवळून 'फ्लॉयबानेन' ही डोंगरावर चढणारी रेल्वे निघते, १९१८ पासून चालू आहे. ३२० मीटर वर बसल्या जागी पोचाल. सकाळी लवकर जा, नंतर क्रूझवाल्यांची रांग लागते. म्हणजे तुमचीच.

उतरल्यावर कॅथेड्रलपर्यंत चाला, अंतर थोडं आहे. मनोऱ्याच्या भिंतीत एक तोफगोळा रुतलेला आहे. १६६५ मध्ये पूर्वेकडून मसाले, रेशीम भरून परतणारी डच जहाजं या बंदरात लपली होती. त्यांना लुटायला इंग्रज आले. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानं इंग्रजांशी लुटीत वाटा ठरवला होता, पण त्याचा तसा हुकूम बर्गनच्या किल्लेदाराला वेळेवर पोचलाच नाही. किल्लेदारानं इंग्रजांवरच तोफा डागल्या आणि ते हात हलवत परत गेले! सासूबाईंना गोळा खालूनच दाखवा.

मग शेजारच्या बेकरीत दालचिनीचा गोड पाव, 'शिलिंग्सबोल्ले' घ्या. चहाची पूड मात्र घरून न्या, तिकडचा चहा म्हणजे गरम पाणी आणि बाजूला पिशवी.