वेल्समधल्या एका छोट्या फुटबॉल क्लबने इटलीच्या नामांकित नेपोली क्लबला हरवलं होतं म्हणतात, हे खरं आहे का?

हो, अगदी खरं. तो क्लब म्हणजे बँगर सिटी. उत्तर वेल्समधलं बँगर कागदोपत्री शहर असलं, तरी आकाराने आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढंच. क्लबची स्थापना १८७६ ची.

१९६२ मध्ये वेल्श कप जिंकल्यामुळे त्यांना युरोपियन कप विनर्स कपमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या कप विजेत्यांच्या स्पर्धेत, प्रवेश मिळाला आणि पहिल्याच फेरीत समोर नेपोली. बँगर तेव्हा चेशायर काउंटी लीगमध्ये, म्हणजे बरंच खाली खेळत होतं. पण फॅरार रोडच्या घरच्या मैदानावर त्यांनी २-० ने सामना मारला! एक गोल रॉय मॅथ्यूजचा, दुसरा केन बर्चचा पेनल्टीवर. नेपोलीच्या घरी, नेपल्सला, मात्र ३-१ ने हरले. दोन्ही सामने मिळून एकूण ३-३. आजवर अनेकांना हळहळ वाटते ती इथे: बरोबरी झाल्यास परक्या मैदानावर जास्त गोल करणाऱ्याला पुढे पाठवायचा नियम तेव्हा असता, तर बँगरच पुढे गेलं असतं. तो नियम आला १९६५ मध्ये. मग निकालासाठी लंडनला हायबरी मैदानावर तिसरा सामना झाला आणि नेपोलीने तो २-१ ने जिंकला.

१९८५ मध्ये याच स्पर्धेत नॉर्वेच्या फ्रेड्रिकस्टाडला त्यांनी नेमकं याच नियमावर बाहेर काढलं. पुढच्या फेरीत गाठ पडली अ‍ॅटलेटिको माद्रिदशी; तिथे डाळ शिजली नाही.

२०११ मध्ये वेल्श लीगचं विजेतेपदही मिळालं. पुढे पैशांचे घोळ झाले, २०१८ मध्ये वरच्या लीगमध्ये खेळायचा परवाना नाकारला गेला आणि क्लब खालच्या लीगमध्ये ढकलला गेला. वैतागलेल्या चाहत्यांनी २०१९ मध्ये स्वतःचाच क्लब काढला, बँगर १८७६.